ओला फडका आणि सावित्रीचा गाळ

२०२४ च्या मे महिन्यातल्या एका दुपारी पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाताना आंबेनळी घाटात माझी गाडी बंद पडली. आधी दोन-तीन झटके, मग क्षणभर सावरल्यासारखे वाटले आणि नंतर इंजिन शांत झाले. गाडी महिन्याभरापूर्वीच महाडमध्ये विकत घेतलेली होती. १९६० च्या दशकातली, दोन आसनांची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्‌स कार. तिच्या कारखान्याचे नाव इथे घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात त्या कारखान्याचा काही दोष नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि वळणावरून मागून येणारी एसटी, अशा जागी गाडी बंद पडणे ही गंमत नव्हे. हँडब्रेक ओढून चाकाला दगड लावला, तेव्हा हात थरथरत होते.

थोड्या वेळाने एका जीपवाल्याने गाडी थांबवली. बॉनेट उघडण्याआधीच त्याने निदान सांगितले. "पेट्रोलची वाफ झालीय. पंपावर ओला फडका टाका आणि अर्धा तास बसा. होईल सुरू." मी तसे केले आणि अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली. निदान बरोबर ठरले, असे मी समजलो. ते चुकीचे होते हे कळायला मला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी जे वाचले, विचारले आणि तपासले, त्यातून या लेखाचा विषय हाती आला. या घाटांमध्ये गाड्या का बंद पडतात, या साध्या प्रश्नालाही इतिहास आहे आणि त्याचे उत्तर काळागणिक बदलत गेले आहे.

ओल्या फडक्याचा काळ

महाड हे मुळात नदीवरचे बंदर. सावित्रीच्या खाडीतून माल वर यायचा आणि इथून घाटमाथ्याकडे जायचा. प्रतापगडाच्या पायथ्याचा पार घाट ही त्यातली जुनी वाट. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी पोलादपूर ते महाबळेश्वर चाकांचा रस्ता बांधला. त्याला मुंबईच्या गव्हर्नरचे, फिट्झजेराल्डचे नाव मिळाले. आज आपण त्याला आंबेनळी म्हणतो. हा रस्ता आखला गेला तेव्हा मोटारीचा जन्म झालेला नव्हता. ओझे ओढणाऱ्या बैलांना झेपेल इतकाच चढ आणि त्यासाठी वळणामागून वळण, असा त्याचा हिशेब. मोटार आली ती या बैलगाडीच्या रस्त्यावर. सुमारे ४० किलोमीटरच्या या वाटेत समुद्रसपाटीच्या जवळून सुमारे १,३७२ मीटर उंचीपर्यंत चढायचे, तेही बराच वेळ खालच्या गिअरमध्ये. म्हणजे इंजिन जोरात फिरते, पण गाडी हळू चालते आणि समोरून वारा मिळत नाही.

जुन्या पेट्रोल गाड्यांना नेमके हेच जड जायचे. त्यांचा पेट्रोलपंप यांत्रिक असे. तो इंजिनच्या अंगालाच बसवलेला असायचा आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घ्यायचा. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे आणि त्यातले हलके घटक ३५–४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. पंपाच्या ओढीमुळे पाइपमधला दाब आधीच कमी झालेला असतो. महाबळेश्वराच्या उंचीवर हवेचा दाबही सुमारे १५ टक्क्यांनी उतरतो. दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. पाइपमध्ये वाफेचा फुगा धरतो, पंप तो फुगाच दाबत आणि ओढत राहतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. यालाच वेपर लॉक म्हणतात. पंपावर ओला फडका टाकला की पाण्याच्या बाष्पीभवनाने पंप गार होतो, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि गाडी चालू लागते.

माझ्या लहानपणी वडिलांच्या फियाटमध्ये पाण्याची बाटली आणि जुना पंचा कायम असायचा. मे महिन्यात महाबळेश्वरला जाताना त्या पंचाचे काम निघणार, हे आम्हा मुलांनाही ठाऊक होते. ही अडाणी समजूत नव्हती. भौतिकशास्त्राचा एक नियम लोकांनी रस्त्यावर शिकून पाठ केला होता.

दुरुस्तीची पिढी

हे ज्ञान इतके घट्ट रुजायला आणखी एक कारण होते. शिवडीला १९२८ पासून जनरल मोटर्स गाड्यांची जुळणी करत होती. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशी आल्यानंतर, इथे उत्पादन न करता फक्त जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना काम आवरावे लागले. आयात जवळजवळ बंद झाली. पुढची तीन दशके भारतीय माणसाला मोटार म्हणजे तीन-चारच नावे माहीत होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली १,०८९ सीसीची फियाट ११००, जिचे पुढे प्रीमिअर पद्मिनी असे नामकरण झाले, ती त्यांतली एक. मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड दुसरी. तीच ती इंजिने आणि तेच ते पंप वर्षानुवर्षे रस्त्यावर राहिल्यामुळे त्यांचे आजारही सर्वांना पाठ झाले.

त्या आधी आलेल्या किंवा एखाद्या परदेशी वकिलातीकडून हातोहात फिरलेल्या स्पोर्ट्‌स कारचे नशीब वेगळे होते. त्यांचे सुटे भाग मिळत नसत. मिस्त्री लेथवर बुश कातून घेई, डायफ्राम दुसऱ्याच गाडीचा कापून बसवी आणि गाडी चालवी. माझ्या गाडीतही अशा तीन-चार हातांच्या खुणा आहेत. पेट्रोलपंपाची एक तरफ तर उघडउघड हाताने घासून केलेली आहे. या पिढीकडे तुटवड्यातून आलेले कौशल्य होते. पण सवयीचे उत्तर पटकन देण्याची खोडही तिच्याकडे होती आणि तीच खोड मला लागली.

एक लक्षण, चार संशयित

मेनंतर गाडी आणखी तीनदा बंद पडली. दर वेळी मी ओला फडका टाकला, थांबलो आणि गाडी सुरू झाली. पुराव्याचा ढीग वाढत होता असे मला वाटत होते. एका रात्री वहीत सगळे प्रसंग ओळीने लिहून काढले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. फडका आणि विश्रांती हे दोन उपाय मी कायम एकत्रच केले होते. मग गुण कशाने आला?

गरम झाल्यावर बंद पडणे आणि थांबल्यावर सुरू होणे हे लक्षण एकट्या वेपर लॉकचे नाही. इग्निशन कॉइल जुनी झाली की तापल्यावर ठिणगी देणे सोडते आणि गार झाली की पुन्हा देते. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले तर पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. गाडी थांबली की हवा हळूहळू आत शिरते आणि सारे ठीक होते. टाकीच्या तळाशी घाण असेल तर ती ओढीने पाइपच्या तोंडाशी येऊन बसते आणि इंजिन थांबले की पुन्हा खाली पडते. चार वेगळी कारणे आणि चौघांचा चेहरा एकच. इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण नवी नाही. एका घटनेची चार स्पष्टीकरणे जुळत असतील, तर सगळ्यांत प्रसिद्ध असलेले स्पष्टीकरण खरे मानायचे नसते. ज्या ठिकाणी चौघांची उत्तरे वेगळी येतील, असा पुरावा शोधायचा असतो.

म्हणून डिसेंबरात, पहाटे सहा वाजता, सावित्रीवर धुके असताना मी महाडहून पोलादपूरच्या सपाट रस्त्याने निघालो. वाटेत सावित्रीवरचा नवा पूल लागतो. जुना दगडी पूल १९२८ चा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो कोसळला आणि दोन एसटी गाड्यांसह माणसे वाहून गेली. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता. जुनी वस्तू उभी आहे किंवा चालते आहे म्हणून ती आतून धड आहे असे होत नाही, हे या रस्त्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

पोलादपूर जवळ आले आणि त्या थंडीत, चढ नसताना, गाडी बंद पडली. वेपर लॉक सुटला. झाकण उघडले तर हवा आत ओढल्याचा सूं आवाज आला नाही, म्हणजे झाकणही निर्दोष. जास्तीचा प्लग तारेला जोडून, पेट्रोलच्या पाइपपासून लांब, इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि सोबत आलेल्या मिस्त्रीला स्टार्टर मारायला सांगितले. निळी, ठसठशीत ठिणगी पडली. कॉइलही सुटली. मग पंपाकडे येणारा पाइप सोडून आम्ही त्यात पायपंपाने टाकीच्या दिशेने हवा मारली. आधी हवा जाईना. मग एकदम दाब सुटला आणि टाकीत बुडबुडे वाजले. पाइप जोडून किल्ली फिरवली, तर इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. फडका नव्हता आणि विश्रांतीही नव्हती. मिस्त्री म्हणाला, "साहेब, आजार पुढे दिसतोय, पण मूळ मागं आहे. टाकी उतरवा."

बरणीतले थर

टाकी उतरवून आतला ऐवज काचेच्या बरणीत ओतला आणि रात्रभर ठेवला. सकाळी तीन थर दिसले. तळाशी गंजाच्या खपल्या, त्यावर पिवळट तपकिरी मऊ गाळ आणि सर्वांत वर काळे, चिकट रबराचे कण. थर पाहिले की त्यांतून काळाचा क्रम वाचण्याचा मोह होतो. पण बरणीतला क्रम काळाचा नव्हता, वजनाचा होता. प्रत्येक थराचा काळ वेगळ्या वाटेने शोधावा लागला.

रबराचा माग इंधनाच्या इतिहासात लागला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग झाले, ते उत्तर प्रदेशातल्या बरेलीबरोबर आपल्या मिरज आणि मनमाड इथे. २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२३ पासून २० टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. घाटमाथ्यावरच्या उसाला आणि कारखान्यांना त्याने आधार मिळाला, हे खरेच. पण १९६० च्या दशकातले रबर या पेट्रोलसाठी केलेले नव्हते. इथेनॉलने ते फुगते, मऊ पडते आणि झडते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते. ते प्रमाणाबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि पत्र्याला गंज चढतो. माझ्या टाकीच्या नळीतले रबर बोटाने दाबताच डांबरासारखे चिकटले.

गाळाचे उत्तर मात्र पुस्तकात नव्हते. बंद टाकीत माती आली कुठून? मी गाडी विकणाऱ्या घरी गेलो. व्यवहाराच्या वेळी त्यांनी 'गाडी दोन वर्षे उभीच होती' एवढेच सांगितले होते. मनात थोडा राग घेऊनच मी ती बरणी त्यांच्या टेबलावर ठेवली. घरातला मुलगा बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, हा पुराचा गाळ आहे. आमच्या भिंतीतून अजून निघतो."

२२ जुलै २०२१. महाबळेश्वरावर चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री तिथेच उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडला येते. त्या दिवशी महाड शहर पाण्याखाली गेले. महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. या घराचा तळमजला बुडाला होता आणि गाडी पुढच्या पडवीत होती. पुरानंतर इंजिन उघडून धुतले, तेल बदलले आणि गाडी सुरू झाली. टाकी उतरवण्याचे कोणाला सुचले नाही.

"आम्ही लपवलं नाही," मुलगा म्हणाला. "पंचनाम्यातसुद्धा गाडी लिहिली नव्हती. धान्य, कपाटं, आजीचं अंथरूण, दुकानातला माल... एवढं सगळं लिहिताना गाडीचं नाव कोण घेणार?"

मला काही बोलता आले नाही. ज्या घाटात माझी गाडी बंद पडली, त्याच डोंगरावरचे पाणी तीन वर्षांपूर्वी या खोऱ्यातून खाली आले होते आणि त्याची मूठभर माती माझ्या टाकीत बसली होती. घाट चढताना मी तीच माती वर घेऊन चाललो होतो.

टाकी आता धुऊन, आतून लेप देऊन बसवली आहे आणि नळ्याही नव्या आहेत. गेल्या पावसाळ्याआधी आंबेनळी न थांबता चढलो. कशेडीच्या घाटाला तर आता बोगदा झाला आहे. पुढच्या पिढीला 'गाडी घाटात तापली' हे वाक्य समजावून सांगावे लागेल. ओला फडका मी मात्र टाकून दिलेला नाही. त्याचे ज्ञान त्याच्या काळापुरते खरेच होते आणि कडक उन्हात ते अजूनही खरे ठरू शकते. आमची चूक एवढीच झाली, की मागच्या काळाचे उत्तर आम्ही या काळाला न तपासता लावले.

त्या मुलाने बरणी मागून घेतली. पुराची घरात ठेवलेली दुसरी कुठलीच खूण त्यांच्याकडे नव्हती. फोटोही भिजून गेले होते.