'लूनी ट्यून्स': रानातून उपनगरात

वॉर्नर ब्रदर्सची 'लूनी ट्यून्स' ही हास्यचित्रमाला १९३० मध्ये चित्रपटगृहांसाठी सुरू झाली. मुख्य चित्रपटाआधी दाखवल्या जाणाऱ्या या सहा-सात मिनिटांच्या लघुपटांत कथानकापेक्षा पाठलागाला महत्त्व असे, आणि एकात चिंधड्या उडालेले पात्र पुढच्या लघुपटात धडधाकट अवतरे, कारण मागच्या प्रसंगाची आठवण ठेवण्याचे बंधन कोणावरच नव्हते.

मात्र या पात्रांचे स्वभाव प्रारंभापासून ठरलेले नव्हते. टेक्स एव्हरी यांच्या १९३७ च्या लघुपटात प्रथम दिसलेले डॅफी हे बदक निव्वळ वेडेचार करणारे होते. बग्ज बनी या सशाचे रूप एव्हरी यांच्याच 'अ वाइल्ड हेअर'मध्ये (१९४०) स्थिरावले. पुढे चक जोन्स यांनी 'रॅबिट फायर'मध्ये (१९५१) दोघांना आमनेसामने आणले आणि डॅफीला मत्सरी, आढ्यतेखोर व हटकून तोंडघशी पडणारा केले.

कार्टून नेटवर्कवर मे २०११ मध्ये सुरू झालेल्या 'द लूनी ट्यून्स शो'ने नेमकी हीच जोडी सिटकॉमसाठी निवडली. सिटकॉम म्हणजे तीच पात्रे व तेच घर कायम ठेवून दर भागात नवा पेच उभा करणारी विनोदी मालिका. अमेरिकी ॲनिमेशनमध्ये हा प्रकार 'द फ्लिन्टस्टोन्स'ने (१९६०) रुजवला होता. येथे बग्ज उपनगरातील सुखवस्तू घरमालक झाला, डॅफी त्याच्या जिवावर राहणारा ऐतखाऊ सोबती झाला, तर जुन्या लघुपटांतला तापट बंदूकबाज योसेमिटी सॅम शेजारी आला. त्यामुळे सुरुंगाने होणारे काम आता संवादाने होऊ लागले. सर्वांत मोठे परिवर्तन लोला बनीचे झाले: 'स्पेस जॅम'मधील (१९९६) आत्मविश्वासू बास्केटबॉलपटू येथे अखंड बडबडणारी, स्वतःच्याच कल्पनाविश्वात रमणारी प्रेयसी बनली.

यापूर्वी 'लूनाटिक्स अनलीश्ड'ने (२००५) या पात्रांच्या वंशजांना २७७२ सालातील महानायक बनवले होते. त्यात पोशाख आणि पराक्रम नवे होते, पण मूळ स्वभावांतील विसंगती हरवली होती. 'द लूनी ट्यून्स शो'ने उलट परिस्थिती बदलली आणि डॅफीचा मत्सर तसाच राखला, म्हणून पाठलाग संपूनही विनोद टिकला. दोन पर्वांत ५२ भाग झाल्यावर ही मालिका थांबली, आणि २०२० च्या 'लूनी ट्यून्स कार्टून्स'मध्ये ससा, बदक आणि त्यांच्या मागावर असणारा शिकारी पुन्हा छोट्या लघुपटांत परतले.