केळीच्या वंशातला ‘ब’

केळीला ‘चरका’ बसला, हे वाक्य आपल्या खानदेशात पौष-माघात हमखास कानी येते. पारा 10 अंशांखाली उतरला की पाने पिवळी पडतात, वाढ थांबते, बुटक्या जातीचे कमळ पोग्यातच अडकते. पुढे वैशाखात तोच पारा 45 च्या घरात जातो. मुळात दमट जंगलातले हे झाड रावेर-यावलला आणि तिकडे शिरपूरला टिकले कसे?

आपली जुनी केळी म्हणजे बसराई. नाव वसईवरून पडले, असे सांगतात. शास्त्र तिला कॅव्हेंडिश घराण्यात बसवते. हे नाव इंग्लंडातल्या एका ड्यूकचे. त्याच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने मॉरिशसहून आलेले रोप वाढवले आणि 1835 मध्ये ते फुलले. झाड आशियाचे, आडनाव साहेबाचे!

1955 मध्ये सिमंड्स आणि शेफर्ड यांनी 15 लक्षणे तपासून केळीची वंशावळ मांडली. खाण्याच्या बहुतेक केळींचे रानटी पूर्वज दोन. एक अक्युमिनाटा, त्याला आपण ‘अ’ म्हणू. दुसरा बाल्बिसियाना, म्हणजे ‘ब’. हा काटक, पाण्याचा ताण सोसणारा. कोकणातल्या राजेळीत ‘ब’चा एक संच आहे. बसराईत मात्र तिन्ही संच ‘अ’चे. माझ्या मते खानदेशच्या केळीची सारी कहाणी या तीन अक्षरांत आहे.

2012 मध्ये ‘अ’ची जनुके वाचली गेली, ती 36 हजारांवर भरली. ‘ब’ची 2019 मध्ये. ताणाला तोंड देणारी जनुके ‘अ’मध्येही असतातच. उन्हाने पेशीतली प्रथिने विस्कटू लागली की काही जनुके जागी होतात आणि सावरणारी प्रथिने तयार करतात. पाणी तुटले की अॅब्सिसिक आम्ल वाढते, पानांची छिद्रे मिटतात. पण ही तयारी साऱ्या जातींत सारखी नसते, आणि कोरडवाहूपणात ‘ब’चे पारडे जड आहे.

जे वंशात कमी, ते आपल्या शेतकऱ्याने बांधावर उभे केले. वाऱ्याच्या बाजूला शेवरीची दाट रांग, बुंध्याशी पाचटाचे आच्छादन, थंडीत रात्रीचे पाणी, पहाटे धूर. जनुकाचे नावही ठाऊक नसताना केलेली ही व्यवस्था मला कोणत्याही प्रयोगशाळेइतकीच मोलाची वाटते.

1990 च्या दशकापासून ऊतिसंवर्धित ग्रँड नैन आली. घड मोठे, बाग एकसारखी. पण घराणे तेच, ‘अअअ’. मुनवा लावा की प्रयोगशाळेतले रोप, वारसा बदलत नाही. त्यामुळे एका वाईट आठवड्यात साऱ्या शिवाराला एकाच वेळी फटका बसतो. फळपीक विम्याची भरपाईही तापमानाच्या आकड्यांवर ठरते, ती उगाच नव्हे.

मग ‘ब’चा संकर का करत नाहीत? कॅव्हेंडिशला बीच जवळपास धरत नाही. तिरुचिरापल्लीला 1993 मध्ये केळीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. तिथे देशभरातल्या जाती जतन केल्या आहेत. त्यांत ‘ब’ वंशाच्याही आहेत.