इंजिनाचा मिसफायर

मिसफायर म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमधील इंधन व हवेचे मिश्रण ठरलेल्या क्षणी न पेटणे किंवा अर्धवट पेटणे. गॅरेजांच्या बोलीत या दोषाला 'मिसिंग' म्हणतात. सतत होणारा मिसफायर शोधणे तुलनेने सोपे असते. अधूनमधून होणारा मिसफायर मात्र मोटार गॅरेजात पोहोचेपर्यंत बहुधा नाहीसा झालेला असतो. मग अंदाजाने प्लग, कॉइल, पेट्रोल पंप असे सुटे भाग एकामागून एक बदलले जातात, खर्च वाढतो आणि दोष तसाच राहतो. म्हणून अशा मिसफायरच्या निदानात तो कोणत्या परिस्थितीत उद्भवतो, ही माहिती सर्वांत मोलाची ठरते.

जुन्या मोटारींतील अडचण

भारतात नव्या मोटारींसाठी स्वनिदान प्रणालीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि मिसफायरवर लक्ष ठेवणारा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. त्याआधीच्या बहुतेक मोटारींमध्ये कोणत्या सिलिंडरमध्ये मिसफायर झाला, याची नोंद ठेवणारी सोय नाही. मुंबईत कुर्ला येथे पूर्वी तयार होत असलेली प्रीमियर पद्मिनी किंवा डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेल्या मारुती ८०० च्या कार्ब्युरेटर असलेल्या आवृत्त्या ही याची परिचित उदाहरणे होत. त्यांचे निदान कान, डोळे आणि साधा मल्टिमीटर यांवरच अवलंबून असते.

चार-आघाती इंजिनात प्रत्येक सिलिंडर भुजादंडाच्या दोन फेऱ्यांमागे एकदा पेटतो. मारुती ८०० चे तीन सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याला मिनिटाला १,२०० ज्वलने अपेक्षित असतात. त्यांतील मोजकी चुकली तरी चालकाला धक्का जाणवतो. एकाएकी झटका देऊन शक्ती जाणे व तशीच परत येणे हे बहुधा विद्युत दोषाचे लक्षण असते. इंजिन हळूहळू दम सोडत असेल, तर इंधनपुरवठ्याकडे पाहावे लागते. हा आडाखा उपयुक्त आहे, पण अचूक नाही.

उष्णतेत होणारा मिसफायर

नागपूर परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नवे नाही. शहराच्या पश्चिमेस अमरावती मार्गावर असलेल्या वाडीसारख्या मालवाहतुकीच्या ठिकाणी मोटार ट्रकांच्या रांगेत रखडली, की इंजिनाच्या कप्प्यातील हवा खेळत नाही आणि तेथील तापमान झपाट्याने वाढते. अशा वेळी दोन अगदी वेगळे दोष सारखीच लक्षणे दाखवतात. पहिला बाष्परोध: इंजिनावर बसवलेल्या यांत्रिक पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप द्रव इंधन खेचू शकत नाही. दुसरा दोष इग्निशन कॉइलचा: तापल्यावर तिच्या आतील वेटोळ्यांचे विद्युतरोधन निकामी होते आणि ठिणगी क्षीण होते. दोन्ही दोष गाडी अर्धा तास सावलीत उभी केल्यावर नाहीसे होतात. पंपावर ओले फडके ठेवण्याचा चालकांचा जुना उपाय पहिल्या दोषात लागू पडतो, दुसऱ्यात नाही. मात्र फडके टाकण्यात गेलेल्या वेळात कॉइलही थंड होत असल्याने त्याचे श्रेय चुकीच्या ठिकाणी जाऊ शकते.

त्यामुळे हे दोष वेगळे करण्याची संधी गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतच असते. एअर क्लीनर जागेवर ठेवून, एक जादा प्लग वायरला जोडून त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवावे व साहाय्यकाला स्टार्टर फिरवण्यास सांगावे. निळसर, कडकडीत ठिणगी दिसल्यास प्रज्वलन यंत्रणा बहुधा ठीक आहे. पिवळट, बारीक किंवा ठिणगीच नसल्यास कॉइल, कंडेन्सर व पॉइंट तपासावेत. त्यानंतर प्रज्वलन बंद करून एअर क्लीनर काढावा आणि थ्रॉटल हाताने झटकन उघडावा. कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोलची धार दिसली नाही, तर इंधन तेथपर्यंत पोहोचत नाही. जवळपास ज्योत किंवा विडी-सिगारेट असता कामा नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

पावसाळा व ओलावा

फक्त पहिल्या पावसानंतर किंवा दमट पहाटे होणारा मिसफायर बहुधा उच्चदाबाच्या वायरींतून किंवा डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून होणाऱ्या गळतीमुळे असतो. टोपीच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली, तर विद्युतप्रवाहाने कार्बनचा मार्ग तयार केला आहे असे समजावे. ती पुसून उपयोग होत नाही, टोपी बदलावी लागते. अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारल्यास गळतीच्या जागी ठिणग्या दिसतात. तेथील दाब हजारो व्होल्ट असल्याने वायरींना हात लावू नये.

पॉइंट असलेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये एक दोष विशेष फसवा असतो. पॉइंटकडे जाणारी छोटी वायर प्लेटबरोबर सतत वळत राहते व कालांतराने आवरणाच्या आत तुटते. बाहेरून ती शाबूत दिसते, पण ॲक्सिलरेटर दाबताच संपर्क सुटतो. वायर हलक्या हाताने ताणून पाहिल्यास ती रबरासारखी लांबते.

इतर तपासण्या

आयडलिंगला होणारा व वेग वाढताच थांबणारा मिसफायर हवेची गळती सुचवतो. चढावर किंवा ओझ्याखाली होणारा मिसफायर प्लगमधील जास्त अंतर, अशक्त कॉइल किंवा तुंबलेला इंधन फिल्टर यांकडे बोट दाखवतो. प्लगचे टोक बिस्किटी तपकिरी असणे निरोगी लक्षण. काजळी जास्त पेट्रोल, पांढरटपणा कमी पेट्रोल, तर तेलकटपणा झिजलेल्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह-सील दर्शवतो. तापल्यावरच एक सिलिंडर सुटत असेल, तर टॅपेटमधील अंतर कमी असण्याची शक्यता असते. तसेच राहिल्यास एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

इथेनॉल-मिश्रित पेट्रोल ओलावा शोषते, आणि टाकीत साचलेला जुना गाळ सुटून जेटमध्ये अडकू शकतो. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर येऊ लागले. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या मोटारींमध्ये इतर काही उघडण्याआधी टाकीतले पेट्रोल, फिल्टर आणि रबरी नळ्या पाहणे श्रेयस्कर.

दुर्लक्षाचे परिणाम

न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन टाकते व इंजिन तेल पातळ करते. उत्प्रेरक परिवर्तक बसवलेल्या मोटारींत हे पेट्रोल परिवर्तकात जळते आणि त्याची आतील मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना वितळू शकते. ओव्हरटेक करताना शक्ती जाणे हा याहून तातडीचा धोका असल्याने दोष सापडेपर्यंत अशी मोटार महामार्गावर नेणे टाळावे.