राष्ट्रीय विज्ञान-माहिती सेवांचा विकास आणि ग्रामीण महाविद्यालये : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मार्च १९५८ मध्ये लोकसभेत विज्ञान धोरण ठराव मांडला गेला आणि विज्ञानाची जोपासना ही स्वतंत्र भारताच्या शासनाची घोषित जबाबदारी ठरली. संशोधनासाठी प्रयोगशाळा जितकी आवश्यक, तितकीच आधी झालेल्या संशोधनाची माहिती आवश्यक असते. परदेशी नियतकालिकांच्या किमती व परकीय चलनाची टंचाई पाहता प्रत्येक संस्थेने सर्व नियतकालिके घेणे शक्य नव्हते. म्हणूनच एका ठिकाणची माहिती अनेकांना उपलब्ध करून देणाऱ्या सामायिक सेवांची कल्पना पुढे आली. या सेवांचा इतिहास बहुधा दिल्ली, बंगळूर, पुणे अशा शहरांच्या अंगाने लिहिला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात हाच इतिहास पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या तालुक्यांच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१) राष्ट्रीय विज्ञान-माहिती सेवांच्या विकासाचे टप्पे अभ्यासणे.
२) या विकासातील पुणे शहराचे स्थान स्पष्ट करणे.
३) तालुका पातळीवरील महाविद्यालयांपर्यंत या सेवा पोहोचण्यातील अडसरांचे स्वरूप शोधणे.

संशोधन पद्धती :

सदर अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

विषय विवेचन :

अ) इन्सडॉक ते निसॅट (१९५२ ते १९९०) :

१९५२ मध्ये युनेस्कोच्या तांत्रिक साहाय्याने दिल्ली येथे भारतीय राष्ट्रीय वैज्ञानिक प्रलेखन केंद्र म्हणजेच इन्सडॉक स्थापन झाले. लेखांच्या प्रती पुरविणे, परकीय भाषांतील लेखांचे अनुवाद करणे, नियतकालिकांच्या संघसूची तयार करणे ही त्याची प्रमुख कामे होती. देशातील कोणत्या ग्रंथालयात कोणते नियतकालिक आहे, हे संघसूचीवरून कळत असे व त्याआधारे टपालाने प्रत मागविता येई. गती मंद असली, तरी टपाल पोहोचते तेथवर ही सेवा तत्त्वतः पोहोचू शकत होती.

१९७२ मध्ये युनेस्कोचे तज्ज्ञ पीटर लाझार यांनी भारतासाठी राष्ट्रीय माहिती प्रणालीची शिफारस केली. त्यातून १९७७ मध्ये निसॅट ही राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान माहिती प्रणाली कार्यान्वित झाली. नवे एकच मोठे केंद्र उभारण्याऐवजी विषयवार केंद्रांची साखळी उभी करणे, हे तिचे वैशिष्ट्य होय. चर्मोद्योगाचे केंद्र मद्रासला, अन्नतंत्रज्ञानाचे म्हैसूरला, औषधांचे लखनौला, तर रसायनशास्त्र व रासायनिक तंत्रज्ञानाचे केंद्र पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते. १९५० मध्ये उद्घाटन झालेल्या या प्रयोगशाळेचे समृद्ध ग्रंथालय हे त्यामागील कारण होते. ही रचना काटकसरीची होती. मात्र जेथे साधने आधीच होती, तेथेच नवी साधने येत गेली.

ब) पुणे : माहितीचे केंद्र (१९८८ ते २००२) :

१९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सीडॅक, व आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे आयुका, या दोन संस्था स्थापन झाल्या. पुढे निसॅटच्या साहाय्याने पुणे विद्यापीठ, सीडॅक व राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांच्या सहभागातून ‘पुणेनेट’ हे शहरातील ग्रंथालयांचे जाळे आकारास आले. देशातील विद्यापीठीय ग्रंथालये जोडणाऱ्या इन्फ्लिबनेटचा प्रारंभही १९९१ मध्ये आयुकाच्या अंतर्गत एक प्रकल्प म्हणून झाला. १९९६ मध्ये ते स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्र बनले.

याच काळात जिल्ह्याच्या पूर्व भागाचे अर्थकारण बदलत होते. शिरूर तालुक्यात रांजणगाव व दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती वाढल्या. कुरकुंभ तर रासायनिक उद्योगांसाठी ओळखले जाते. रसायनाचे कारखाने दौंड तालुक्यात आले, परंतु रसायनशास्त्राची माहिती पुण्यातच राहिली. कारखान्यात नोकरीस जाणारा पदवीधर ज्या महाविद्यालयात शिकत होता, त्याचे ग्रंथालय मात्र कोणत्याही जाळ्याचा घटक नव्हते. पाठ्यपुस्तकापलीकडील लेख पाहायचा, तर प्राध्यापकाला घोडनदीहून एस.टी.ने किंवा दौंडहून रेल्वेने पुणे गाठणे भाग होते. शहरजाळ्याच्या कल्पनेतच शहराची वेस अध्याहृत होती.

क) अंतराकडून पात्रतेकडे (२००२ नंतर) :

२००२ मध्ये निसॅट कार्यक्रम संपुष्टात आला व त्याच वर्षी इन्सडॉकचे विलीनीकरण होऊन निस्केअर ही संस्था बनली. इंटरनेटमुळे नियतकालिके संगणकावर आली. पण प्रारंभीच्या समूह-वर्गण्या विद्यापीठे व राष्ट्रीय प्रयोगशाळांसाठी होत्या. महाविद्यालयांसाठी खरा बदल घडविला तो २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या एन-लिस्ट या योजनेने. या योजनेत प्राध्यापक व विद्यार्थ्यांना वैयक्तिक परवलीचा शब्द मिळू लागला आणि सुमारे ६,००० नियतकालिके खुली झाली. सेवेचे एकक इमारत न राहता वाचक बनले. शिरूर व पुणे यांमधील अंतराचा प्रश्न या एका बदलाने बहुतांशी सुटला.

परंतु अंतराची जागा पात्रतेने घेतली. महाविद्यालय अनुदान आयोगाच्या विशिष्ट कलमांखाली मान्यताप्राप्त आहे की नाही, यावर प्रवेशाच्या अटी ठरू लागल्या. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके व ६,३०० हून अधिक संस्था असे तिचे स्वरूप जाहीर झाले. मात्र उच्च शिक्षणात या योजनेने आरंभी केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्था गृहीत धरल्या. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात उच्च शिक्षण नेले ते प्रामुख्याने खाजगी शिक्षण संस्थांनी. त्यांच्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांचे वेतन शासन देते, परंतु व्यवस्थापन शासनाचे नसते. ‘राष्ट्र’ या शब्दाची व्याप्ती व्यवस्थापनाच्या प्रकारावरून ठरावी का, हा प्रश्न म्हणूनच तात्त्विक न राहता व्यावहारिक ठरतो.

ड) धोरण संशोधन व माहिती सेवा :

विज्ञान धोरणाचा अभ्यास करणारी निस्टॅड्स ही संस्था १९८० पासून माहिती सेवा संस्थांहून वेगळी कार्यरत होती. माहिती कोणाला मिळते हा ग्रंथालयाचा, तर विज्ञान कोण करते हा धोरणाचा प्रश्न, अशी ही विभागणी होती. वस्तुतः पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरच दुसऱ्याचे उत्तर अवलंबून असते. १४ जानेवारी २०२१ रोजी निस्केअर व निस्टॅड्स यांचे विलीनीकरण होऊन ही दोन्ही कामे एका छत्राखाली आली. तालुका महाविद्यालयांतील माहितीवापर हा धोरण संशोधनाचा विषय करण्याची संधी त्यामुळे निर्माण झाली आहे.

निष्कर्ष :

१) राष्ट्रीय माहिती सेवांची रचना प्रथम विषयानुसार, नंतर शहरानुसार व पुढे संस्थेच्या प्रकारानुसार झाली. गरज हा निकष कोणत्याही टप्प्यावर प्रधान नव्हता.
२) पुणे शहर या विकासाचे एक केंद्र असूनही त्याचा लाभ त्याच जिल्ह्यातील शिरूर व दौंडपर्यंत पोहोचण्यास तंत्रज्ञानातील बदलाची वाट पाहावी लागली.
३) तंत्रज्ञानाने अंतर मिटविले; पात्रतेची वेस मात्र धोरणानेच ओलांडावी लागेल. अनुदानित ग्रामीण महाविद्यालयांचा स्पष्ट समावेश ही त्याची पहिली पायरी होय.