फ्रँचायझी व्यवसाय

फ्रँचायझी ही व्यवसायविस्ताराची एक करारबद्ध पद्धत होय. या पद्धतीत एखादी कंपनी आपले नाव, व्यापारचिन्ह आणि व्यवसाय चालविण्याची ठरीव रीत वापरण्याचा हक्क मोबदला घेऊन दुसऱ्या स्वतंत्र व्यावसायिकास ठरावीक मुदतीसाठी देते. हक्क देणाऱ्या कंपनीस फ्रँचायझीदाता आणि हक्क घेणाऱ्यास फ्रँचायझीधारक म्हणतात. दुकानाचे भांडवल, भाडे, कामगारांचे वेतन आणि तोट्याची जोखीम सामान्यतः धारकाची असते. नावाची मालकी मात्र शेवटपर्यंत दात्याकडेच राहते. या व्यवसायातील बहुतेक लाभ आणि बहुतेक वाद याच विभागणीतून उद्भवतात.

व्युत्पत्ती

इंग्रजीतील मूळ शब्द 'मुक्त' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. राजाने किंवा सरदाराने एखाद्यास दिलेली खास सवलत किंवा अधिकार असा त्याचा मध्ययुगीन अर्थ होता. मताधिकारासाठीही इंग्रजीत हाच शब्द वापरला जातो.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील सिंगर कंपनीने शिवणयंत्रांच्या विक्रीचे प्रादेशिक हक्क स्थानिक विक्रेत्यांना दिले. हे आधुनिक फ्रँचायझीचे एक आरंभीचे उदाहरण मानले जाते. पूर्वी घरकाम करणाऱ्या मार्था मॅटिल्डा हार्पर या उद्योजिकेने १८८८ साली रॉचेस्टर येथे केशप्रसाधन केंद्र सुरू केले आणि १८९१ पासून आपल्या पद्धतीची केंद्रे इतर स्त्रियांना चालवावयास दिली. सुरुवातीच्या अनेक केंद्रचालक तिच्यासारख्याच कष्टकरी वर्गातील होत्या. १८९९ मध्ये कोका-कोलाचे पेय बाटलीबंद करण्याचे अमेरिकेतील बहुतांश भागाचे हक्क दोन वकिलांना अवघ्या एका डॉलरच्या करारावर देण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपाहारगृहांच्या क्षेत्रात ही पद्धत वेगाने पसरली. हार्लंड सँडर्स यांच्या तळलेल्या कोंबडीची पहिली फ्रँचायझी १९५२ साली सॉल्ट लेक सिटी येथे सुरू झाली. रे क्रॉक यांनी १९५५ मध्ये इलिनॉय राज्यातील डे प्लेन्स येथे मॅकडोनल्ड्सचे उपाहारगृह उघडले आणि १९६१ मध्ये मूळ मालक असलेल्या मॅकडोनल्ड बंधूंकडून संपूर्ण व्यवसाय २७ लाख डॉलरना विकत घेतला. जागा स्वतःच्या ताब्यात ठेवून ती धारकास भाड्याने देणे हे या कंपनीच्या उत्पन्नाचे एक मुख्य साधन बनले.

प्रकार

उत्पादन वितरण : धारक मूळ कंपनीचा माल विकतो. वाहनांच्या डीलरशिप, पेट्रोल पंप आणि शीतपेयांचे बाटलीबंद कारखाने या प्रकारात मोडतात.

व्यवसायपद्धती : मालाबरोबरच पाककृती, सजावट, गणवेश, संगणकप्रणाली आणि प्रशिक्षण अशी संपूर्ण पद्धत दिली जाते. उपाहारगृहे, शिकवणी वर्ग आणि सौंदर्यप्रसाधन केंद्रे ही याची उदाहरणे होत.

मुख्य फ्रँचायझी : एका देशाचे किंवा प्रदेशाचे हक्क एकाच धारकास मिळतात. करारानुसार तो स्वतः दुकाने चालवितो अथवा पुढे उपधारक नेमतो.

मालकी आणि संचालन यांनुसारही भेद केला जातो. धारकाची मालकी व धारकाचेच संचालन असल्यास त्यास भारतीय व्यापारात 'फोफो', तर धारकाची मालकी व कंपनीचे संचालन असल्यास 'फोको' असे म्हणतात. फोको प्रकारात धारक बहुधा केवळ गुंतवणूकदार असतो.

शुल्क आणि अर्थकारण

धारकास प्रारंभी एकरकमी प्रवेशशुल्क भरावे लागते. त्याशिवाय अनामत रक्कम, दुकानाची सजावट, यंत्रसामग्री आणि पहिल्या काही महिन्यांचे खेळते भांडवल यांची तरतूद त्यालाच करावी लागते. व्यवसाय सुरू झाल्यावर रॉयल्टी आणि जाहिरात निधीचा वाटा नियमित द्यावा लागतो. काही कंपन्या रॉयल्टी घेत नाहीत. त्या धारकास पुरविलेल्या मालाच्या किमतीतून आपला नफा मिळवितात.

रॉयल्टी बहुधा नफ्यावर नव्हे, तर विक्रीवर आकारली जाते. याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होतो. एका दुकानाची मासिक विक्री ५ लाख रुपये आहे. कच्च्या मालावर विक्रीच्या ४० टक्के म्हणजे २ लाख, रॉयल्टी ६ टक्के म्हणजे ३० हजार, जाहिरात निधी २ टक्के म्हणजे १० हजार, भाडे ८० हजार, वेतन ९० हजार आणि वीज व इतर खर्च ४० हजार धरल्यास ५० हजार रुपये उरतात. विक्री २० टक्क्यांनी घटून ४ लाखांवर आली, तर भाडे, वेतन आणि वीज हे खर्च तसेच राहतात आणि दुकान २ हजार रुपये तोट्यात जाते. मूळ कंपनीस मात्र त्या महिन्यातही रॉयल्टीपोटी २४ हजार रुपये मिळतात. कर्जाचे हप्ते, कर आणि धारकाच्या स्वतःच्या श्रमाचे मोल या हिशेबात धरलेले नाही.

करारातील प्रमुख बाबी

क्षेत्र : धारकास विशिष्ट परिसर राखून दिला आहे काय, हे करारात नमूद असावे लागते. तसे नसल्यास कंपनी जवळच दुसरे दुकान देऊ शकते किंवा ऑनलाइन विक्रीद्वारे त्याच ग्राहकांपर्यंत पोहोचू शकते.

मुदत आणि नूतनीकरण : फ्रँचायझीची मुदत आणि जागेच्या कराराची मुदत यांचा मेळ असणे महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्रात दुकानाचे गाळे पुष्कळदा लिव्ह अँड लायसन्स पद्धतीने घेतले जातात. हा करार आधी संपल्यास फ्रँचायझी शिल्लक असूनही दुकान हलवावे लागते. फ्रँचायझी आधी संपल्यास भाड्याचे दायित्व मागे राहते.

पुरवठा : कच्चा माल ठरावीक पुरवठादाराकडूनच घेण्याची अट सर्रास असते. तिच्यामुळे दर्जा एकसारखा राहतो. मात्र दर ठरविण्यात धारकास वाव उरत नाही.

समाप्ती आणि हस्तांतरण : करार संपताच नामफलक, गणवेश आणि व्यापारचिन्हाचा वापर थांबवावा लागतो. दुकान विकण्यास बहुधा कंपनीची पूर्वसंमती आवश्यक असते.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७८ साली फ्रँचायझीविषयक नियम केला आणि २००७ मध्ये त्यात सुधारणा केली. त्यानुसार करारावर सही होण्यापूर्वी किंवा पैसे स्वीकारण्यापूर्वी किमान १४ दिवस इच्छुकास २३ बाबींचे माहितीपत्रक द्यावे लागते. कंपनीवरील खटले, एकूण प्रारंभिक खर्च, बंद पडलेल्या दुकानांची संख्या आणि विद्यमान व माजी धारकांचे संपर्क यांचा त्यात समावेश असतो. ऑस्ट्रेलियात १९९८ पासून आचारसंहिता लागू आहे. चीनमध्ये २००७ च्या नियमांनुसार फ्रँचायझी देण्यापूर्वी कंपनीने स्वतःची किमान दोन दुकाने एक वर्षाहून अधिक काळ चालविलेली असावी लागतात.

भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही आणि करारपूर्व माहितीपत्रकाचेही विशेष बंधन नाही. भारतीय करार अधिनियम १८७२, व्यापारचिन्ह अधिनियम १९९९, स्पर्धा अधिनियम २००२ आणि लवाद व सलोखा अधिनियम १९९६ यांच्या तरतुदी प्रसंगानुसार लागू होतात. परिणामी माहिती मिळविण्याची जबाबदारी मुख्यतः धारकावर येते. चालू असलेल्या दुकानांचे हिशेब पाहणे, फ्रँचायझी सोडलेल्या व्यक्तींशी बोलणे आणि व्यापारचिन्हाची नोंदणी खरोखर कंपनीच्या नावावर आहे काय हे तपासणे, या गोष्टी त्यामुळे महत्त्वाच्या ठरतात. प्रसिद्ध नाममुद्रांच्या बनावट संकेतस्थळांवरून नोंदणीशुल्क उकळण्याचे प्रकारही देशात घडले आहेत.

गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला हा १९९५ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. गुजरात बॉटलिंगचे समभाग प्रतिस्पर्धी पेप्सीशी संबंधित कंपन्यांकडे गेल्यावर वाद निर्माण झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला. तो कायम ठेवताना, करार चालू असेपर्यंत प्रतिस्पर्ध्याचा माल न बनविण्याची अट ही व्यापारावरील अवैध निर्बंध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. करार संपल्यानंतरही तोच व्यवसाय करू न देणारी अट मात्र करार अधिनियमाच्या कलम २७ अन्वये सामान्यतः टिकत नाही.

भारत आणि महाराष्ट्रातील प्रसार

१९८० च्या दशकापासून संगणक प्रशिक्षण संस्थांनी भारतात ही पद्धत रुजविली. १९८६ साली मुंबईत स्थापन झालेली ॲपटेक ही त्यांपैकी एक होय. १९९६ मध्ये डॉमिनोज आणि मॅकडोनल्ड्स यांची उपाहारगृहे देशात सुरू झाली. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम स्थानिक उद्योजकांनी चालविलेल्या अधिकृत अध्ययन केंद्रांमार्फत तालुक्यातालुक्यांत पोहोचविला. या रचनेचे फ्रँचायझीशी जवळचे साम्य आहे. वडापावसारखा रस्त्यावरचा पदार्थही या पद्धतीने विकला जाऊ लागला. २००१ साली मुंबईतील मालाड येथे सुरू झालेली जम्बोकिंग आणि २००४ साली कल्याण येथे सुरू झालेली गोली वडापाव ही त्याची परिचित उदाहरणे होत.

लाभ आणि मर्यादा

धारकास परिचित नाव, तयार कार्यपद्धती आणि प्रशिक्षण मिळते. कंपनीस स्वतःचे फारसे भांडवल न गुंतविता विस्तार साधता येतो. तथापि पाककृती, किंमत किंवा सजावट यांत बदल करण्याचे स्वातंत्र्य धारकास नसते. एका दुकानातील गैरप्रकाराची झळ त्याच नावाच्या इतर दुकानांनाही बसते. मूळ कंपनीशी वाद झाल्यास चालता व्यवसायही धोक्यात येऊ शकतो. मॅकडोनल्ड्सने २०१७ साली उत्तर व पूर्व भारतातील १६९ उपाहारगृहांचे फ्रँचायझी करार रद्द केले होते; भागीदाराशी चाललेला हा वाद २०१९ मध्ये समझोत्याने मिटला. अनेक वर्षे राबून उभा केलेला ग्राहकवर्ग दुकानापेक्षा नावाशी अधिक बांधलेला असतो. त्यामुळे करार संपल्यावर धारकाच्या हाती जागा, सामग्री आणि अनुभव एवढेच उरण्याचा संभव असतो.

हेही पाहा

व्यापारचिन्ह
भारतीय करार अधिनियम, १८७२
भागीदारी संस्था
किरकोळ व्यापार