मज्जावाचे मोल: मायक्रोनेशियातील मुक्त सहयोगाचे करार

हवाईच्या पश्चिमेपासून फिलिपिन्सच्या उंबरठ्यापर्यंत पसरलेल्या महासागरात मार्शल बेटे, मायक्रोनेशियाचे संघराज्य आणि पलाऊ ही तीन प्रजासत्ताके आहेत. तिन्हींची मिळून लोकसंख्या दोन लाखांच्या आत आहे. ती संयुक्त राष्ट्रांची पूर्ण सदस्य आहेत आणि परराष्ट्र व्यवहार ती स्वतः पाहतात. मात्र त्यांच्या संरक्षणाचा संपूर्ण अधिकार अमेरिकेकडे आहे. ही व्यवस्था ज्या करारांवर उभी आहे, त्यांना मुक्त सहयोगाचे करार म्हणतात. परतंत्र प्रदेशाने स्वातंत्र्य घ्यावे, दुसऱ्या राज्यात विलीन व्हावे किंवा स्वेच्छेने एखाद्या राज्याशी मुक्त सहयोग जोडावा, असे तीन मार्ग संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९६० मध्ये सांगितले होते. न्यूझीलंड आणि कुक बेटे यांनी १९६५ मध्ये यांतील तिसरा मार्ग पत्करला. अमेरिकेने मायक्रोनेशियात तोच मार्ग वापरला, पण तिथे सौद्याच्या केंद्रस्थानी जमीन किंवा खनिज नव्हते. इतर कोणत्याही लष्करी सत्तेला त्या विस्तीर्ण समुद्रात पाय ठेवू न देण्याचा हक्क होता.

या बेटांचे धनी वारंवार बदलले आणि प्रत्येक बदल दूरच्या राजधानीत ठरला. मार्शल बेटांवर जर्मनीने १८८५ मध्ये संरक्षण जाहीर केले. १८९८ च्या युद्धात अमेरिकेकडून हरलेल्या स्पेनने पुढच्याच वर्षी कॅरोलाइन, पलाऊ आणि ग्वाम वगळता मारियाना ही बेटे अडीच कोटी पेसेटांना जर्मनीला विकून टाकली. पहिल्या महायुद्धात जपानने ती सारी घेतली, राष्ट्रसंघाने त्यांचा कारभार जपानकडेच सोपवला आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस जपानी वसाहतकऱ्यांची संख्या मूळ रहिवाशांहून अधिक झाली. १९४४ मध्ये क्वाजालीन आणि पेलेलिऊ येथे झालेल्या रक्तरंजित लढायांनंतर अमेरिकी लष्करात एक धारणा पक्की बसली, की ही बेटे पुन्हा परक्या हाती जाता कामा नयेत.

१९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हा मुलूख विश्वस्त प्रदेश म्हणून, म्हणजे तेथील लोक स्वशासनास सिद्ध होईपर्यंत सांभाळायचा प्रदेश म्हणून, अमेरिकेच्या स्वाधीन केला. अशा अकरा विश्वस्त प्रदेशांपैकी केवळ याच एकाला सामरिक दर्जा मिळाला. त्यामुळे त्याच्या भवितव्याचा निर्णय आमसभेऐवजी सुरक्षा परिषदेकडे, म्हणजेच अमेरिकेला नकाराधिकार असलेल्या मंडळाकडे गेला. विश्वस्तपद मिळण्याच्या आधीच, १९४६ मध्ये, मार्शल बेटांतील बिकिनीच्या १६७ रहिवाशांना अणुचाचण्यांसाठी तेथून हलवण्यात आले होते. १९५८ पर्यंत बिकिनी आणि एनिवेटक येथे ६७ चाचण्या झाल्या. त्यांपैकी १ मार्च १९५४ चा पंधरा मेगाटनांचा स्फोट सर्वांत मोठा होता आणि त्याची किरणोत्सारी राख रोंगेलॅप व उतिरिक या वसलेल्या बेटांवर पडली.

राजकीय दर्जाच्या वाटाघाटी १९६९ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा सारा प्रदेश एकत्र राहील अशी अपेक्षा होती. पण उत्तर मारियानाने १९७५ मध्ये अमेरिकेच्या सार्वभौमत्वाखाली जाण्याचा कौल दिला आणि १९७८ च्या सार्वमतात मार्शल बेटे व पलाऊ यांनी संयुक्त राज्यघटना नाकारली. उरलेल्या याप, चूक, पोनपेई आणि कोसराए यांचे संघराज्य बनले. मार्शल बेटे आणि हे संघराज्य यांचे करार १९८६ मध्ये अमलात आले. त्यांचा गाभा तीन कलमांत सांगता येतो: अमेरिकेने ठरावीक मुदतीचे अनुदान द्यावे, बेटांच्या नागरिकांना व्हिसाविना अमेरिकेत राहण्याची, शिकण्याची व नोकरी करण्याची मुभा असावी, आणि संरक्षणाचा अधिकार अमेरिकेकडे राहून तिला तिसऱ्या देशाच्या सैन्यास मज्जाव करता यावा.

पलाऊमध्ये मात्र हा सौदा सहजासहजी पटला नाही. १९८१ मध्ये अमलात आलेल्या तिथल्या राज्यघटनेने अण्वस्त्रांना बंदी घातली होती आणि ती उठवण्यासाठी तीन चतुर्थांश मतांची अट ठेवली होती. अमेरिकेला आपल्या अण्वस्त्रसज्ज नौकांची ये-जा अबाधित हवी असल्याने करार आणि राज्यघटना यांचा मेळ बसेना. १९८३ ते १९९० या काळात सात वेळा मतदान झाले. दर वेळी बहुमत कराराच्या बाजूने पडले, पण पंचाहत्तर टक्के कधीच भरले नाहीत. याच काळात पहिले राष्ट्राध्यक्ष हारुओ रेमेलिइक यांची १९८५ मध्ये हत्या झाली. सरकारने १९८७ मध्ये घटनादुरुस्तीचा आडमार्ग धरला, तेव्हा ज्या समाजात कुळ आणि जमीन आईकडून चालत येतात, त्या समाजातील गाब्रिएला न्गिरमांग आणि अन्य ज्येष्ठ स्त्रियांनी न्यायालयात दाद मागितली आणि ती दुरुस्ती पुढे रद्द ठरली. अखेर १९९२ मध्ये घटना रीतसर बदलून साध्या बहुमताची सोय झाली. पुढच्या वर्षी आठव्या मतदानात करार मंजूर झाला आणि १ ऑक्टोबर १९९४ रोजी तो लागू झाला.

मार्शल बेटांच्या करारात अणुचाचण्यांच्या भरपाईपोटी १५ कोटी डॉलरचा निधी होता आणि त्यासोबतच हा सर्व दाव्यांचा अंतिम निपटारा असल्याची अटही होती. या करारान्वये नेमलेल्या दावे न्यायाधिकरणाने पुढे दोन अब्ज डॉलरहून अधिक भरपाई ठरवली, पण ती देण्याइतका पैसा निधीत नव्हता आणि अमेरिकी न्यायालयांची दारे कराराने बंद केलेली होती. वाढीव भरपाईसाठी २००० साली केलेला अर्ज अमेरिकी प्रशासनाने २००५ मध्ये अमान्य केला. दरम्यान क्वाजालीनवर क्षेपणास्त्र-चाचणीतळ चालूच राहिला. त्या तळावर काम करणारे मार्शलीज लोक मात्र शेजारच्या एबाय या अर्ध्या चौरस किलोमीटरपेक्षाही लहान बेटावर दाटीवाटीने राहतात आणि कामासाठी रोज बोटीने ये-जा करतात.

सामान्य माणसाच्या जीवनात कराराचे खरे मोल स्थलांतराच्या हक्कात होते. आर्कान्सासमधील स्प्रिंगडेलच्या कोंबडीमांसाच्या कारखान्यांभोवती मार्शलीज कामगारांची मोठी वस्ती उभी राहिली, तर अनेक तरुण अमेरिकी सैन्यात भरती झाले. तरीही १९९६ च्या कायद्याने या स्थलांतरितांची सरकारी वैद्यकीय मदत काढून घेतली आणि ती परत मिळण्यास डिसेंबर २०२० उजाडला.

मार्शल बेटे आणि संघराज्य यांच्या अनुदानाची मुदत २००३ च्या सुधारणांनी वीस वर्षांनी वाढली. ती सरत आली तेव्हा चीनचा प्रभाव या टापूत वाढलेला होता. तिन्ही राष्ट्राध्यक्षांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या नेत्यांना विलंबाच्या धोक्याचा इशारा दिला आणि मार्चमध्ये वीस वर्षांसाठी सुमारे ७.१ अब्ज डॉलरचा कायदा झाला. प्रतिस्पर्धी दिसू लागला की वॉशिंग्टनचा हात सैल होतो, हे या इतिहासातून उघड होते. मार्शल बेटे आणि संघराज्य यांना करारातून बाहेर पडण्याची मुभा आहे, परंतु सोबतच्या परस्पर सुरक्षा करारांमुळे मज्जावाचा हक्क दोन्ही पक्षांच्या संमतीशिवाय संपत नाही. मुदत पैशाला आहे, मज्जावाला नाही. म्हणून या सहयोगाला स्वेच्छेचा म्हणता आले, तरी समान म्हणता येत नाही.