अपस्माराचा लगाम

ज्या रोगांचे नाव काढताच घरातल्या माणसांचे आवाज खाली येतात, त्यांत अपस्माराची गणना करावी लागेल. कोणी त्याला फेफरे म्हणतो, कोणी मिरगी, कोणी नुसतेच ‘फीट’. माणूस उभ्याचा आडवा होतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो, आणि दोन-तीन मिनिटांत बहुधा आपोआप शांत होतो. तो पडतो कशाने, हा प्रश्न मानवजात हजारो वर्षे विचारीत आली. तो शांत होतो कशाने, हा प्रश्न मात्र विसाव्या शतकातच नेटाने विचारला गेला. या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास येथे आपणांस पाहावयाचा आहे.

पहिल्या प्रश्नाला प्राचीन वैद्यांनी दिलेली उत्तरे हलकी नव्हती. स्मृती नाहीशी होणे म्हणजे अपस्मार, असे चरकसंहिता सांगते आणि दोषांप्रमाणे त्याचे चार प्रकार करते. ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथकाराने बजावले की, लोक ज्याला पवित्र रोग म्हणतात त्याचे मूळ मेंदूत आहे, देवाच्या कोपात नाही. पण वैद्यांचे शब्द पोथ्यांत राहिले. गावोगाव टिकली ती बाहेरच्या बाधेची समजूत, आणि तिच्या जोडीला नाकाशी धरलेला कांदा, चामड्याचा जोडा व मुठीत कोंबलेल्या किल्ल्या.

१८७३ साली लंडनच्या ह्यूलिंग्स जॅक्सन यांनी झटक्याची नवी मीमांसा केली. मेंदूच्या करड्या भागातून शक्तीचा अकस्मात व अतिरिक्त स्फोट होतो, तोच झटका. १९२९ साली हान्स बेर्गर यांनी मानवी मेंदूच्या विद्युल्लहरींचा आलेख प्रसिद्ध केला, तेव्हा हा स्फोट कागदावर पाहता येऊ लागला. मग असे दिसले की, काही झटक्यांत मेंदूच्या दोन्ही बाजू एकदमच पेटतात. दोन टोकांना एकाच वेळी इशारा देणारे मध्ये कोणी असले पाहिजे! माँट्रियलचे पेनफील्ड आणि जॅस्पर यांची दृष्टी म्हणून मेंदूच्या खोल भागाकडे वळली. तेथील थॅलॅमस नावाच्या केंद्राला सेकंदाला तीन या गतीने विजेचे ठोके दिले, तर मांजराच्या मेंदूत दोन्हीकडे तशाच लहरी उठतात, हे १९४० नंतरच्या दशकात जॅस्पर यांनी सहकाऱ्यासह दाखविले.

आम्हां नाशिककरांना ही गोष्ट समजणे अवघड नाही. पुराचे पाणी दुतोंड्या मारुतीपाशी चढताना दिसते, पण ते किती चढावयाचे हे पुष्कळसे वर गंगापूर धरणाच्या दरवाजांवर ठरते. झटक्याचा पूरही मेंदूच्या पृष्ठभागावर दिसतो; त्याचे काही दरवाजे मात्र खोल आहेत.

दरवाजा उघडतो तसा मिटतोही काय? १९८२ साली अमेरिकेत आयाडरोला आणि गेल या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून याचे महत्त्वाचे उत्तर दिले. मध्यमेंदूत ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’, म्हणजे काळा पदार्थ, नावाचा एक भाग आहे. तेथील पेशी आपल्या शेजारच्या एका केंद्राला एरवी सतत दाबून ठेवतात. या दाबणाऱ्या पेशींनाच औषधाने गप्प केले, तेव्हा झटके आवरले गेले. दाबलेले केंद्र मोकळे होते आणि तेच झटक्याला लगाम घालते, असा याचा उलगडा पुढील प्रयोगांतून झाला. या विचाराचा माणसाला उपयोग व्हावयास काही काळ गेला. २०१० साली ११० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थॅलॅमसच्या पुढील भागात बारीक तारा बसवून ठराविक वेळाने विजेचे ठोके दिल्यावर, औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांचे झटके कमी झाले. ते सर्वांचे थांबले मात्र नाहीत. अजूनही पहिला उपाय नियमित औषध हाच. त्याने शंभरांतील सत्तरांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात.

शास्त्र असे पुढे जात असता समाज कोठे होता? १९७० साली मुंबईच्या डॉ. एडी भरुचा यांच्या पुढाकाराने ‘इंडियन एपिलेप्सी असोसिएशन’ स्थापन झाली. परंतु १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारा अपस्मार वेडाच्या पंक्तीस बसविला गेला आणि विवाहाच्या आड आला. ते शब्द कायद्यातून निघाले १९९९ साली. प्रयोगशाळेत दरवाजा सापडल्यावर सतरा वर्षे देशाचा कायदा रुग्णाच्या दारावर कडी घालून बसला होता!

कायद्यातून शब्द गेले, तरी मनांतून ते गेले आहेत असे आम्हांस वाटत नाही. जोडा हुंगविल्यावर माणूस शुद्धीवर येतो, हे डोळ्यांनी पाहिल्याचे लोक शपथेवर सांगतात. पाहिले ते खरे. पण तो जोड्याविनाही शांत झाला असता. आपला लगाम मेंदूने स्वतःच खेचला आणि श्रेय मिळाले चामड्याला. तेव्हा झटका आलेल्यास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे, दातांत चमचा घालू नये, आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांवर गेले तर रुग्णालय गाठावे. ज्याला झटके येतात त्याला रामकुंडावर एकट्याने उतरू देऊ नये, सोबत जावे. मात्र शाळेत, नोकरीत आणि लग्नाच्या मांडवात त्याची वाट अडवू नये.